नावावरून सेंद्रिय आम्लाची रचना काढायची तर नाव शेवटाकडून वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आययूपॅक नाव (रसायनांना नावं देण्याचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीचं नाव) दिलं की रचना काढताना कधी एक कार्बन जास्त होतो, कधी एक कमी पडतो. सोबत पाच नावं दिली आहेत: ३-मिथिलब्यूटेनॉइक ॲसिड, सायक्लोहेक्सेनकार्बॉक्सिलिक ॲसिड, (२ई)-३-फेनिलप्रोप-२-ईनॉइक ॲसिड, २-हायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बॉक्सिलिक ॲसिड आणि २-[४-(२-मिथिलप्रोपिल)फेनिल]प्रोपेनॉइक ॲसिड. निवड चांगली आहे, कारण या पाचांत जवळजवळ सगळ्या अडचणी येऊन जातात.

कार्बन चुकण्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. नाव डावीकडून वाचायला घेतलं की आधी शाखा दिसतात, आणि त्या कशावर लावायच्या हे ठरायच्या आतच हात चालू लागतो. आम्लाचं नाव शेवटाकडून वाचायचं. शेपटीला काय आहे ते आधी बघायचं, त्याच्या लगेच आधी द्विबंध-त्रिबंध, त्याआधी साखळीची लांबी आणि शाखा सगळ्यांत शेवटी.

शेपट्या मुख्यतः दोन, आणि त्यांचा हिशेब वेगळा आहे. ‘-ऑइक ॲसिड’ असेल तर सीओओएच (म्हणजे कार्बॉक्सिल गट) मधला कार्बन साखळीच्या मोजणीत धरलेला असतो. ‘-कार्बॉक्सिलिक ॲसिड’ असेल तर तो धरलेला नसतो, वेगळा जोडायचा असतो. ब्यूटेनॉइक म्हणजे एकूण चार कार्बन, त्यातला एक कार्बॉक्सिल गटाचा:

सीएच३–सीएच२–सीएच२–सीओओएच

इथे चार कार्बनची साखळी काढून तिच्या टोकाला वर आणखी सीओओएच लावलं की पाच कार्बन होतात, आणि ते पेंटेनॉइक ॲसिड झालं. शंका आली तर मिथेनॉइक ॲसिड आठवा. ‘मिथ’ म्हणजे एकच कार्बन, आणि तोच कार्बॉक्सिलचा कार्बन आहे. म्हणून रचना एच–सीओओएच. तिथे चुकून वेगळा सीओओएच जोडला तर सीएच३–सीओओएच मिळेल, आणि ते इथेनॉइक आहे हे लगेच लक्षात येतं.

सायक्लोहेक्सेनकार्बॉक्सिलिक ॲसिडमध्ये उलट आहे. सहा कार्बनचं वलय, त्याला बाहेरून एक सीओओएच, एकूण सात कार्बन. असं का, हे कळलं की पाठ करावं लागत नाही. कार्बॉक्सिलच्या कार्बनचे चारपैकी तीन बंध ऑक्सिजनकडे गेलेले असतात: दोन द्विबंधात आणि एक ओएच कडे. उरतो एकच. वलयात बसायला कार्बनला किमान दोन शेजारी लागतात, म्हणून हा कार्बन वलयाचा भाग होऊच शकत नाही, आणि वलय मोजताना त्याची गणती होत नाही. याच कारणाने सरळ साखळीत कार्बॉक्सिल गट नेहमी टोकालाच असतो, त्याला कार्बन १ म्हणतात आणि तो क्रमांक नावात लिहीत नाहीत. त्याच्यावर शाखा लागणं शक्य नाही. ‘१-मिथिलब्यूटेनॉइक ॲसिड’ असं काही कुठे दिसलं तर ते नावच चुकीचं आहे, रचना काढायच्या भानगडीत पडू नका.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा लागतो. बेंझॉइक ॲसिडला शेपटी ‘-ऑइक’ आहे, पण त्यात वलयाचे सहा आणि कार्बॉक्सिलचा एक असे सात कार्बन आहेत. हे जुनं, टिकवून ठेवलेलं नाव आहे. आययूपॅकच्या २०१३ च्या शिफारशींत फॉर्मिक, ॲसेटिक, बेंझॉइक आणि ऑक्झॅलिक ही नावं पसंतीची म्हणून कायम आहेत. मिथेनॉइक, इथेनॉइक ही रूपं पाठ्यपुस्तकांत भरपूर येतात आणि रचना काढायला तीच सोयीची, पण प्रयोगशाळेतल्या बाटलीवर बहुधा ॲसेटिकच दिसेल.

आता पहिलं नाव प्रत्यक्ष काढू: ३-मिथिलब्यूटेनॉइक ॲसिड. शेपटी ‘-ऑइक’, साखळी ‘ब्यूट’ म्हणजे चार, ‘एन’ म्हणजे साखळीत सगळे एकेरी बंध. कागदावर फक्त चार कार्बन ओळीने लिहा, हायड्रोजन अजिबात नको. एका टोकाच्या कार्बनला द्विबंधाने ओ आणि एकेरी बंधाने ओएच लावा. त्याच कार्बनखाली पेन्सिलने १ लिहा, पुढे २, ३, ४. मग ३ वर एक कार्बन लटकवा. सांगाडा तयार झाला. आता प्रत्येक कार्बनचे बंध मोजा आणि चार व्हायला जितके कमी पडतात तितके हायड्रोजन द्या. कार्बन १ ला शून्य. कार्बन २ ला दोन. कार्बन ३ आधीच २, ४ आणि मिथिल अशा तिघांना जोडलेला आहे, त्याला एक. कार्बन ४ ला तीन, मिथिलला तीन. ओएच चा एक धरून एकूण दहा.

सीएच३–सीएच(सीएच३)–सीएच२–सीओओएच

रेणुसूत्र सी५एच१०ओ२. उघड्या साखळीच्या, एकच कार्बॉक्सिल असलेल्या संपृक्त (कार्बन-कार्बन बंध सगळे एकेरी असलेल्या) आम्लात हायड्रोजन कार्बनच्या बरोबर दुप्पट असतात, म्हणून पाचाला दहा जुळतात.

हायड्रोजन शेवटी भरा, हे मी आग्रहाने सांगतो. आधी सीएच३–सीएच२–सीएच२–सीओओएच असं पूर्ण लिहून मग मधल्या सीएच२ वर मिथिल चिकटवलं, तर तिथला एक हायड्रोजन खोडायचा राहून जातो आणि पाच बंधांचा कार्बन तयार होतो. संयुजेच्या चुका तपासताना सर्वांत जास्त वेळा हीच सापडते. सांगाडा आधी, हायड्रोजन नंतर हा क्रम ठेवला तर ती होतच नाही.

क्रमांक कागदावर लिहायला सांगितलं त्यालाही कारण आहे. सीओओएच उजवीकडे काढून मोजणी सवयीने डावीकडून केली की कार्बन ३ च्या जागी कार्बन २ वर मिथिल बसतं आणि २-मिथिलब्यूटेनॉइक ॲसिड तयार होतं. त्याचंही रेणुसूत्र सी५एच१०ओ२ च आहे. म्हणजे सूत्र जुळलं तरी रचना चुकलेली असू शकते. सूत्राची पडताळणी अणूंची संख्या पकडते, जागा पकडत नाही. जागा तपासायची तर काढलेल्या आकृतीला, मूळ नाव झाकून, स्वतः नाव द्यायचं आणि मग ताडून बघायचं. दोन्ही पडताळण्या कराव्यात, एकीवर भागत नाही.

नागमोडी रेषांनी रचना काढणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. तिथे प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक मोकळं टोक म्हणजे एक कार्बन. सीओओएच अक्षरांत लिहिलं तर त्या अक्षरांतला सी हाच कार्बन १. म्हणजे ब्यूटेनॉइकसाठी रेषांमध्ये फक्त तीन कार्बन हवेत, चौथा अक्षरांत आहे. चार कोपरे-टोकं काढून पुढे सीओओएच लिहिलं की पुन्हा पाच झाले. ज्यांची ही गडबड वारंवार होते त्यांनी काही दिवस कार्बॉक्सिल अक्षरांत लिहूच नये. द्विबंधाचा ओ आणि ओएच असे वेगवेगळे काढावेत, म्हणजे कार्बन १ कोपरा म्हणून डोळ्यांना दिसतो.

साखळीच्या नावात ‘एन’ ऐवजी ‘ईन’ आलं की द्विबंध, ‘आइन’ आलं की त्रिबंध. सोबतचा क्रमांक बंधाच्या दोन कार्बनपैकी लहान क्रमांकाचा असतो: प्रोप-२-ईनॉइक म्हणजे २ आणि ३ यांच्यामध्ये द्विबंध, सीएच२=सीएच–सीओओएच. हेक्सा-२,४-डायईनॉइक (सॉर्बिक) ॲसिडमध्ये २-३ आणि ४-५ असे दोन. ऑक्टाडेका-९,१२-डायईनॉइक (लिनोलेइक) ॲसिडला अठरा कार्बन आहेत म्हणून दडपून जायचं कारण नाही, पद्धत तीच: कार्बॉक्सिलपासून १ ते १८ क्रमांक, ९-१० आणि १२-१३ मध्ये द्विबंध. अठरा कार्बनच्या संपृक्त आम्लात हायड्रोजन ३६. प्रत्येक द्विबंधामागे दोन कमी होतात, म्हणून सी१८एच३२ओ२. त्रिबंध काढताना त्याच्या दोन्ही बाजूंचे बंध एका सरळ रेषेत ठेवा, नागमोडी कोनात नाही. प्रोप-२-आइनॉइक ॲसिडमध्ये कार्बन १, २ आणि ३ एका ओळीत येतात.

आता उपसर्ग. इथे एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: हा उपसर्ग सोबत कार्बन आणतो की नाही? हायड्रॉक्सी, अमिनो, क्लोरो, ब्रोमो, ऑक्सो हे कार्बन आणत नाहीत. मिथिल एक आणतो, इथिल दोन, मिथॉक्सी एक, फॉर्मिल एक, ॲसेटिल दोन, कार्बॉक्सी एक, कार्बॉक्सिमिथिल दोन, फेनिल सहा, बेंझिल सात. फेनिल आणि बेंझिलची अदलाबदल फार होते. बेंझिलमध्ये वलय आणि साखळी यांच्यामध्ये एक सीएच२ असतो.

ऑक्सोबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ऑक्सो म्हणजे साखळीतल्याच कार्बनला द्विबंधाने लागलेला ऑक्सिजन. तो त्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन घालवतो, नवा कार्बन आणत नाही. २-ऑक्सोप्रोपेनॉइक (पायरुविक) ॲसिड म्हणजे सीएच३–सीओ–सीओओएच, रेणुसूत्र सी३एच४ओ३. पुष्कळजण ऑक्सो वाचून वेगळा सीओ गट मध्ये घुसवतात आणि कार्बन चार होतात. ४-ऑक्सोब्यूटेनॉइक ॲसिडमध्ये ऑक्सो साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणजे तिथे अल्डिहाइड झालं: ओएचसी–सीएच२–सीएच२–सीओओएच. हाच रेणू कोणी ३-फॉर्मिलप्रोपेनॉइक म्हणून लिहिला तर साखळी तीनची आणि फॉर्मिलने आणलेला एक कार्बन वेगळा. दोन्हीकडून बेरीज चारच येते. हे दोन्ही नावांनी एकदा हाताने काढून बघा, उपसर्गांचा हिशेब पक्का होतो.

उपसर्गाचा कोणता अणू साखळीला चिकटतो हेही बघावं लागतं. २-(ॲसेटिलऑक्सी)बेंझॉइक ॲसिड, म्हणजे ॲस्पिरिन, घ्या. वलयाच्या कार्बन १ वर सीओओएच, शेजारच्या कार्बन २ वर ॲसेटिलऑक्सी. या उपसर्गाच्या शेवटी ‘ऑक्सी’ आहे, म्हणून वलयाला आधी ऑक्सिजन जोडायचा आणि त्याच्या पलीकडे ॲसेटिल: वलय–ओ–सीओ–सीएच३. संयुक्त उपसर्गातला शेवटचा घटकच मुख्य रचनेला भिडतो. ऑक्सी विसरून ॲसेटिल सरळ वलयाला लावलं तर एक ऑक्सिजन गायब होतो आणि एस्टरच्या जागी कीटोन येतो. बरोबर रचनेचं सूत्र सी९एच८ओ४. तुमच्या आकृतीत ऑक्सिजन तीनच भरले तर कुठे बघायचं हे कळलं.

उपसर्गांचा क्रम वर्णानुक्रमे असतो, आणि तोही रोमन लिपीतल्या अक्षरांप्रमाणे. ४-इथिल-२-मिथिलहेक्सेनॉइक ॲसिडमध्ये इथिल आधी आलं म्हणून ते कार्बॉक्सिलच्या जवळ आहे असं नाही. जागा फक्त क्रमांक सांगतो.

दिलेल्या साखळीपेक्षा लांब साखळी दिसली तर काय, हाही प्रश्न रचना काढताना मनात येतो. रचना काढताना लांब साखळी शोधायचीच नाही. नाव जी साखळी सांगतं तीच काढायची. २-इथिलप्रोपेनॉइक ॲसिड असं नाव समोर आलं तर तीनची साखळी काढा, कार्बन २ वर इथिल लावा. मग दिसेल की कार्बॉक्सिलपासून चार कार्बनची साखळी जाते, म्हणजे योग्य नाव २-मिथिलब्यूटेनॉइक. रचना मात्र तीच राहते. नियमांतल्या बदलामुळेही असं घडतं. पूर्वी द्विबंध असलेली साखळी मुख्य मानत, २०१३ च्या शिफारशींत आधी लांबी बघतात. म्हणून एकाच रेणूला जुन्या पद्धतीने २-प्रोपिलप्रोप-२-ईनॉइक आणि नव्या पद्धतीने २-मिथिलिडीनपेंटेनॉइक म्हणतात. मिथिलिडीन म्हणजे द्विबंधाने जोडलेला सीएच२. दोन्ही नावांनी सी६एच१०ओ२ येतं.

शेपटीत ‘डाय’ आला तर दोन कार्बॉक्सिल. ब्यूटेनडायॉइक (सक्सिनिक) ॲसिडमध्ये चारच कार्बन आहेत, दोन्ही टोकांचे कार्बन कार्बॉक्सिलचे आणि मध्ये दोन सीएच२: सी४एच६ओ४. इथेनडायॉइकमध्ये मध्ये काहीच नाही, दोन कार्बॉक्सिल एकमेकांना थेट जोडलेले. बेंझीन-१,२-डायकार्बॉक्सिलिकमध्ये वलयाच्या शेजारशेजारच्या कार्बनवर एकेक सीओओएच, बेंझीन-१,४-डायकार्बॉक्सिलिकमध्ये समोरासमोर. दोन्हींत कार्बन आठ.

तीन कार्बॉक्सिल असले की ‘-ऑइक’ ची पद्धत अपुरी पडते. साखळीला टोकं दोनच, मग तिसरा गट साखळीत बसणार कुठे? म्हणून सायट्रिक ॲसिडचं नाव २-हायड्रॉक्सीप्रोपेन-१,२,३-ट्रायकार्बॉक्सिलिक ॲसिड असं ठेवतात, त्यात तिन्ही गट सारख्या दर्जाने साखळीबाहेर राहतात. काढताना प्रोपेनचे तीन कार्बन लिहा. तिघांवर एकेक सीओओएच लावा. मधल्या कार्बनवर ओएच लावा. मग हायड्रोजन. मधल्या कार्बनचे चार बंध दोन शेजारी, एक कार्बॉक्सिल आणि एक ओएच यांतच संपले, त्याला हायड्रोजन नाही. टोकाच्या दोघांना दोन-दोन.

एचओओसी–सीएच२–सी(ओएच)(सीओओएच)–सीएच२–सीओओएच

कार्बन तीन अधिक तीन, सहा. हायड्रोजन चार साखळीवर, एक ओएच चा, तीन कार्बॉक्सिलचे, एकूण आठ. ऑक्सिजन सात. सी६एच८ओ७. इथे होणारी ठरलेली चूक म्हणजे प्रोपेनची टोकं हीच कार्बॉक्सिल समजणं. मग दोन सीएच२ नाहीसे होतात आणि सगळे मिळून चारच कार्बन उरतात.

याच रेणूचं ३-कार्बॉक्सी-३-हायड्रॉक्सीपेंटेनडायॉइक ॲसिड असंही नाव आढळतं. त्यात पाचची साखळी, टोकं कार्बॉक्सिलची, आणि तिसऱ्या कार्बनवर ‘कार्बॉक्सी’ उपसर्गाने आणलेला सहावा कार्बन. मधला कार्बन पहिल्या नावात २ क्रमांकाचा आणि दुसऱ्यात ३ चा आहे. एका नावाचे क्रमांक दुसऱ्या नावाच्या साखळीवर लावू नका, बस.

कंसांची नावं लांबलचक दिसली तरी सुटतात, पण बाहेरून आत जायचं. २-[४-(२-मिथिलप्रोपिल)फेनिल]प्रोपेनॉइक ॲसिड, म्हणजे आयब्युप्रोफेन. चौकोनी कंस बोटाने झाका. उरतं ‘२-[काहीतरी]प्रोपेनॉइक ॲसिड’. तीन कार्बन लिहा, एका टोकाला कार्बॉक्सिल, आणि कार्बन २ वर एक मोकळा बंध सोडून ठेवा. आता चौकोनी कंस उघडा आणि आतला गोल कंस झाका: ‘४-(काहीतरी)फेनिल’. फेनिलच्या वलयात साखळीला जोडणारा कार्बन नेहमी १ क्रमांकाचा. ४ म्हणजे त्याच्या बरोबर समोरचा, तिथून आणखी एक मोकळा बंध. शेवटी गोल कंस: २-मिथिलप्रोपिल. इथेही जोडणारा कार्बन १. म्हणजे वलयाला लागून सीएच२, पुढे सीएच, त्यावर एक मिथिल आणि टोकाचा सीएच३. प्रत्येक कंसाचे क्रमांक त्याच कंसापुरते असतात. या एका नावात ‘२’ दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा वेगळ्या कार्बनसाठी.

मोजून बघा. कार्बन: साखळीचे ३, वलयाचे ६, शाखेचे ४, एकूण १३. हायड्रोजन: कार्बॉक्सिलचा १, कार्बन २ वर १, कार्बन ३ वर ३, वलयावर ४, सीएच२ चे २, सीएच चा १, दोन मिथिलचे ६, एकूण १८. सी१३एच१८ओ२. वलयावर पाच हायड्रोजन दिले गेले असतील तर दुसरा जोडबिंदू विसरला गेला आहे.

इथे असंपृक्ततेची बेरीज, म्हणजे वलयं आणि द्विबंध मिळून किती (त्रिबंध दोन धरून), फार कामाला येते. कार्बनची संख्या दुप्पट करा, २ मिळवा, नायट्रोजन असतील तितके मिळवा, हायड्रोजन आणि हॅलोजन वजा करा, उरलेल्याला २ ने भागा. आयब्युप्रोफेनसाठी २६ अधिक २ वजा १८, म्हणजे १०, भागिले २ म्हणजे ५. आकृतीत बेंझीन वलयाचे चार (तीन द्विबंध आणि स्वतः वलय) आणि कार्बॉक्सिलचा एक, पाच. जुळलं. सायट्रिकला ३ येतात, तीन कार्बॉक्सिल. सायक्लोहेक्सेनकार्बॉक्सिलिक ॲसिडला (सी७एच१२ओ२) २ येतात, एक वलय आणि एक कार्बॉक्सिल.

उरलं (२ई)-३-फेनिलप्रोप-२-ईनॉइक ॲसिड, सिनॅमिक ॲसिड. सांगाडा सोपा: तीनची साखळी, २-३ मध्ये द्विबंध, कार्बन ३ वर वलय, सी९एच८ओ२. नावाच्या सुरुवातीची ‘ई’ सांगते की द्विबंधाच्या दोन टोकांवरचे वरचढ गट विरुद्ध बाजूंना आहेत. वरचढ ठरतो तो गट, ज्याचा जोडणारा अणू मोठ्या अणुक्रमांकाचा. कार्बन २ वर सीओओएच आणि हायड्रोजन, त्यात सीओओएच वरचढ. कार्बन ३ वर फेनिल आणि हायड्रोजन, त्यात फेनिल. म्हणून सीओओएच एकीकडे, फेनिल दुसरीकडे. नेहमीसारखी नागमोडी साखळी काढली तर हे आपोआप साधतं. ‘झेड’ असेल तर द्विबंधाशी साखळीला वळण देऊन दोन्ही गट एकाच बाजूला आणावे लागतात. (९झेड,१२झेड)-लिनोलेइक ॲसिड सरळ नागमोडी काढलं तर ती रचना चूक.

‘ई’ म्हणजे साखळी सरळ आणि ‘झेड’ म्हणजे वाकडी, असं मात्र धरून चालू नका. (२झेड)-२-क्लोरोब्यूट-२-ईनॉइक ॲसिडमध्ये कार्बन २ वर क्लोरीन आणि सीओओएच आहेत. क्लोरीनचा अणुक्रमांक १७, कार्बनचा ६, म्हणून क्लोरीन वरचढ. कार्बन ३ वर मिथिल वरचढ. झेड म्हणजे क्लोरीन आणि मिथिल एका बाजूला, आणि त्यामुळे मुख्य साखळीचे सीओओएच आणि मिथिल विरुद्ध बाजूंना येतात. प्रत्येक वेळी वरचढपणा ठरवूनच काढा.

‘आर’ आणि ‘एस’ (चार वेगळे गट असलेल्या कार्बनभोवतीच्या, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रचना) यांच्यासाठी (२एस)-२-हायड्रॉक्सीप्रोपेनॉइक ॲसिड, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचं एक रूप, नमुना म्हणून पुरे. कार्बन २ कोपऱ्याच्या वरच्या टोकाला येईल असा काढा: खाली डावीकडे सीएच३, खाली उजवीकडे सीओओएच, वर ओएच. वरचढपणाचा क्रम ओएच, सीओओएच, सीएच३, हायड्रोजन. ओएच ठळक पाचरीने (कागदातून आपल्याकडे येणारा बंध; तुटक पाचर म्हणजे मागे जाणारा) काढला तर हायड्रोजन कागदामागे जातो. ओएच वरून सीओओएच कडे आणि तिथून सीएच३ कडे बोट फिरवलं तर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. ते झालं ‘आर’. आपल्याला ‘एस’ हवं, म्हणून ओएच तुटक पाचरीने काढायचा. मनातल्या मनात रेणू फिरवत बसण्यापेक्षा ही रीत भरवशाची: आधी कशीही एक पाचर काढा, कोणतं रूप आलं ते तपासा, हवं ते नसेल तर ठळक-तुटक बदला. नावात ‘आर’ किंवा ‘एस’ काहीच दिलेलं नसेल तर पाचर काढूच नये. वरच्या आयब्युप्रोफेनच्या नावात ते नाही, म्हणून कार्बन २ वर साधी रेष.

जुन्या नावांतल्या अल्फा, बीटा, गॅमा या अक्षरांची मोजणी कार्बॉक्सिलच्या शेजाऱ्यापासून सुरू होते. अल्फा म्हणजे कार्बन २, बीटा ३, गॅमा ४. गॅमा-अमिनोब्यूटिरिक ॲसिड म्हणजे ४-अमिनोब्यूटेनॉइक. अल्फाला १ समजून काढणाऱ्यांची सगळी रचना एक घर सरकते.

आणखी दोन शेपट्या अधूनमधून भेटतात. ‘-सल्फॉनिक ॲसिड’ मध्ये कार्बॉक्सिल नसतोच, एसओ३एच गट असतो, आणि तो कार्बन आणत नाही: ४-मिथिलबेंझीन-१-सल्फॉनिक ॲसिडमध्ये सातच कार्बन, सहा वलयाचे आणि एक मिथिलचा. ‘-पेरॉक्सॉइक ॲसिड’ मध्ये ओएच च्या जागी ओ–ओएच असतं, बाकी मोजणी ‘-ऑइक’ सारखीच.

पडताळणीसाठी संगणकाची मदत घ्यायला हरकत नाही. केमड्रॉ या रचना काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नावावरून रचना काढायची सोय आहे, आणि केंब्रिज विद्यापीठात तयार झालेलं ओपसिन हेच काम फुकट करतं. मात्र आधी हाताने काढा, मग तिथे नाव टाकून जुळवा. दोन आकृत्या वेगळ्या दिसल्या तरी गोंधळू नका. कार्बॉक्सिल डावीकडे की उजवीकडे, साखळी वर चढणारी की खाली उतरणारी, याने रेणू बदलत नाही. प्रत्येक कार्बन कोणाकोणाला जोडला आहे ते कार्बन १ पासून क्रमाने ताडून बघा, आणि पाचरी असतील तर प्रत्येक केंद्राचं ‘आर’ की ‘एस’ वेगळं तपासा.